बटणांच्या डब्यातली गोळी

"अहो, हे काय?"

बायकोच्या तळहातावर गोळी होती. पिवळी, ओलसर, कडेला दोऱ्याचा तुकडा चिकटलेली. बटणांच्या डब्यात सापडलेली.

टेलरमास्तरांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. चाक थांबलं, छातीतलं थांबेना. ते गेलं वर्षभर मनाला येईल तशा उड्या मारत होतं. म्हणूनच उद्या सकाळी डॉक्टर मांडीतून नळी घालून थेट हृदयात जाणार होते, बिघडलेल्या जागा जाळणार होते. अट एकच: रक्त पातळ करायची गोळी एकदाही चुकवायची नाही. चुकली तर हृदयात गुठळी धरते. नळी फिरताना ती सुटली तर मेंदूत. मग तोंड वाकडं, हात लुळा.

"ही तर मी मघाशी गिळली," मास्तर म्हणाले.

"गिळली तर डब्यात कशी?"

"काहीतरी गिळलंय मी. घशातून गेलेलं माणसाला कळतं ना!"

दोघांनी एकदमच समोर टांगलेल्या कोटाकडे बघितलं. बाहीला एक बटण कमी होतं.

उसवण

मास्तर काम करताना बटणं गालात धरायचे. उमेदवारीपासूनची सवय. बायकोने गोळी दिली की तीही गालात जायची, हातातले टाके संपायचे, मग पाणी. एक गिळायचं, उरलेलं डब्यात थुंकायचं. उरलेलं म्हणजे नेमकं काय, हे आजवर कुणी बघितलं नव्हतं.

बायकोने डबा चादरीवर उपडा केला. शर्टाची बटणं, कोटाची बटणं, हुक. त्यांत दडलेली आणखी एक पिवळी. आणि ती आणखी एक.

"अगं बाई!" ती मटकन खाली बसली. "आणि मी जगाला सांगत सुटलेय, आमचे हे गोळीला अगदी पक्के म्हणून!"

मास्तरांनी गोळ्या भराभर मुठीत घेतल्या. "पाणी आण. राहिलेल्या सगळ्या आत्ताच घेऊन टाकतो."

"आणि रक्त थांबलंच नाही म्हणजे?" तिने मुठीवर चापट मारली. "परवा नुसती सुई टोचली तर गिऱ्हाइकाचा पांढरा सदरा धुवायला लागला मला!"

घेतल्या तर रक्त वाहणार, नाही घेतल्या तर गोठणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मास्तर, मूठ आवळून.

कच्चा टाका

"सांगायचंच नाही," मास्तर कुजबुजले. "पुढे ढकललं तर मला पुन्हा धीर व्हायचा नाही."

"आणि हा गेला तर?" तिने त्यांचा उजवा हात धरला. "कात्री काय मी चालवू?"

मास्तरांनी एकेक बोट हलवून बघितलं. मग आरशात हसून बघितलं. "अगं, डावीकडे उतरलंय!"

"मिशी आहे ती. तुम्हीच वाकडी कापलीत सकाळी."

तिने दवाखान्यात फोन लावून सगळं सांगितलं आणि फोन मास्तरांच्या कानाला धरला.

"आजची एक घ्या. जास्तीची अजिबात नको," नर्स म्हणाली. "आणि काका, उद्या आल्या आल्या डॉक्टरांना सगळं खरं सांगा."

"आणि बटणाचं काय?" मास्तरांनी विचारलं.

"ते आपली वाट शोधेल हो."

ट्रायल

"गोळी नियमित आहे म्हणून आम्ही थेट आत जाणार होतो," दुसऱ्या दिवशी सगळं ऐकून डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी आधी घशातून नळी घालून हृदय बघितलं. पडद्यावर एका कोपऱ्यात काहीतरी लोंबत होतं.

"गुठळी आहे. तुम्ही बोलला नसतात तर..."

मास्तरांना अर्धवट काम खपत नसे. हे अर्धवट वाक्य त्यांनी खपवून घेतलं.

ऑपरेशन पुढे ढकललं. काही आठवडे गोळी, अजिबात न चुकवता. मग पुन्हा तपासणी.

काज

आता रोज मशीनसमोर बायको उभी.

"थुंका." बटणं तिच्या एका तळहातावर.

"आ करा." त्याच तळहातावरची गोळी दुसऱ्या हाताने उचलून तोंडात. पाणी. "जीभ वर. गाल दाखवा. हं, आता बसा."

मास्तर चोरासारखे गाल दाखवत. तिला स्वप्नातसुद्धा ती लोंबणारी गुठळी दिसायची. त्यांना तिचे डोळे.

त्या दिवशीही सगळं रीतसर झालं. मास्तर मशीनकडे वळले, घुटमळले.

"अगं, आजच्या गोळीला चार भोकं होती."

तिने मूठ उघडली. बटणांमध्ये पिवळी गोळी तशीच होती.

"अहो, मग गिळलीत कशाला?"

"तू बघत होतीस ना," मास्तर म्हणाले, आणि न सांगताच त्यांनी पुन्हा आ केला.