सरड्याचा काळा रंग

नवऱ्याने नोकरी सांभाळून, रात्रीचा दिवस करून, वेबसाइटचं रूप पालटणारं एक टूल बनवलं होतं. रंग निवडा, अक्षरं निवडा, बटण दाबा, की अख्खी साइट नव्या कपड्यांत! टूल फुकट होतं आणि ओपन सोर्सही. म्हणजे आतला कोडसुद्धा जगाला उघडा. जग मात्र तिकडे फिरकलं नव्हतं. हौसेने नाव ठेवलं 'सरडा', आणि सरड्याची धाव कुंपणापर्यंतच राहिली. वापरणारी एकटी बायको, तीही घरची म्हणून. ती दातांची डॉक्टर. एका तरी परक्या माणसाने आपलं टूल वापरावं, एवढंच बिचाऱ्याचं मागणं होतं.

बायको परगावी शिबिराला गेली, तेव्हा त्याने नवी काळी थीम तिच्याच साइटवर लावून पाहिली. पान काळंकुट्ट झालं, तिचा हसरा फोटो करडा झाला, भोवती चौकट आली. "काय भारदस्त दिसतंय!" म्हणत तो जेवायला उठला आणि साइट पूर्ववत करायची राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी बायकोने परत येऊन दवाखाना उघडला, तर दारात फुलं घेऊन एक मास्तर उभे.

"बाई, तुम्ही?"

"मीच. दवाखाना माझाच आहे ना?"

"पण साइटवर तो फोटो... काळी चौकट..." मास्तरांना रडू कोसळलं. वासलेल्या तोंडातली किडकी दाढ तिला लख्ख दिसली.

"रडा सावकाश. आधी खुर्चीत बसा. ही दाढ दाखवायला कधीची बोलावतेय मी!"

मग रांगच लागली. एरवी दवाखाना टाळायला वाट वाकडी करणारी मंडळी, डॉक्टरच उरली नाही म्हटल्यावर निर्धास्त आली होती. तिने एकेकाला धरून बसवलं. समोरचे म्हातारे दातांचे डॉक्टर तर खुर्ची विकायची आहे का विचारायला आले आणि तिला बघून उलट्या पावली पळाले. तेव्हा तिने नवऱ्याला फोन लावला.

"अरे, मला का मारलंस?"

"मारलं नाही गं, थीम बदलली!"

"आत्ता बदल, नाहीतर मी नवरा बदलते!"

तो धावत आला, साइट रंगीत केली आणि कोपऱ्यात बसून राहिला. "संपला माझा सरडा. कोण हात लावणार आता त्याला?" त्याचा चेहरा बघून तिचा राग निम्मा उतरला.

संध्याकाळी समोरचे डॉक्टर परत आले. "खुर्चीचं चुकलंच माझं, ताई. त्या टूलचा घोळ आत्ता कळला." मग फुलांचा ढीग बघत राहिले. "ते टूल माझ्या साइटवर चालेल का हो?"

नवरा ताडकन उठला. "चालेल की! कोणता रंग लावू?"

"काळाच. एक दिवसापुरता." त्यांनी आवाज खाली आणला. "बायको गेल्यापासून एकटाच असतो. आपल्यासाठी कोण कोण येतं, बघावं म्हटलं."

नवऱ्याची बोटं बटणावर थांबली. एवढी वाट पाहून मिळालेलं पहिलं गिऱ्हाईक! त्याने बायकोकडे पाहिलं.

"हिरवा लाव," ती म्हणाली. "आणि डॉक्टर, उद्या सकाळी पहिला नंबर माझा. एक दाढ कधीची ठणकतेय, पण तुमच्याकडे यायची भीती वाटते."