बाईसाहेबांची फेरतपासणी

बाईसाहेबांनी मासळीकडे पाठ फिरवली, पायपुसण्यावर ओकारी काढली आणि कपाटाखाली जाऊन बसल्या. घरातल्या सुनेच्या काळजात धस्स झालं.

बाईसाहेब म्हणजे मांजर. नाव सासूबाईंनी ठेवलेलं, आणि ते नेमकं कुणाला उद्देशून ठेवलंय याबद्दल सुनेला अजून शंका होती. पण मांजरीवर जीव सगळ्यात जास्त तिचाच.

गल्लीच्या टोकाचे म्हातारे डॉक्टर या घराचे जुनेच. नवऱ्याच्या लहानपणीच्या कुत्र्यापासून सगळ्या जनावरांना त्यांनीच टोचलेलं. ती लेकीला कडेवर आणि मांजरीला टोपलीत घेऊन तिथे पोचली. डॉक्टरांनी खुर्चीतून न उठता बाईसाहेबांचं पोट चाचपलं, एक इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, की केसांचा गोळा अडकलाय, पडेल आपोआप. औषधानं भरपूर सुस्ती येईल, तेव्हा निजू द्या.

"आणि सूनबाई, तिच्याकडे जरा कमी बघा," ते म्हणाले. "कुणी असं टक लावून बसल्यावर मलासुद्धा जेवण जायचं नाही."

हे तिला लागलं. लक्ष ठेवणं हा काय गुन्हा झाला? लेक झोपली की ती तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. लेक त्यानंच जागी व्हायची, ही गोष्ट वेगळी. शिवाय डॉक्टर सगळा वेळ चष्मा शोधत होते आणि चष्मा कपाळावर होता. ज्याला स्वतःचा चष्मा सापडत नाही, त्याला मांजरीच्या पोटातलं काय सापडणार? घरी आल्यावर तिनं सगळ्यांना चष्म्याचंच सांगितलं. इंजेक्शनचं सांगायचं राहूनच गेलं.

दुपारी लेकीला सासूबाईंजवळ निजवून ती बसनं नव्या दवाखान्यात गेली. काचेचं दार, पांढरे दिवे, आणि हातमोजे घातलेला तरुण डॉक्टर. इथे मांजरीला नीट बघतील, असं तिला दारातच वाटलं.

"आधी काही औषध, इंजेक्शन दिलंय?" त्यानं विचारलं.

लेक होण्याआधी ती कॉलेजात शिकवायची आणि फेरतपासणीचे पेपर तिच्याकडे यायचे. दुसऱ्या परीक्षकाला पहिल्याचे गुण दिसता कामा नयेत, नाहीतर तो डोळे मिटून तेवढेच देतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मत हवं तर कोरं हवं.

"नाही," ती म्हणाली.

डॉक्टरनं बाईसाहेबांची मान उचलली. ती धपकन खाली पडली. पापणी वर केली तर डोळ्यावर पांढरट पडदा. त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या. सुस्ती इंजेक्शनची आहे हे तिला माहीत होतं. पण त्या आठ्या बघता बघता माहीत असलेलंही खोटं वाटायला लागलं. एवढ्याशा इंजेक्शननं इतकी सुस्ती येते का कुठे?

डॉक्टरनं विचारलं, की घरात उंदराचं औषध वगैरे आहे का. तिनं घाबरून सासूबाईंना फोन केला. विषाचं नाव ऐकताच सासूबाईंनी आधी झोपलेल्या नातीचं तोंड उघडून बघितलं, मग मुलाला फोन केला. मुलानं काम टाकून रिक्षा केली, घरी जाऊन आई आणि रडणारी लेक यांना घेतलं. इकडे बाईसाहेबांचा पाय भादरून सलाईन लागलं, पोट भादरून फोटो निघाला. आता खरं सांगावं, असं तिला दर खेपेला वाटत होतं. पण दर खेपेला मांजरीचे आणखी थोडे केस गेलेले असत, आणि सांगणं तेवढंच अवघड झालेलं असे.

सगळं घर टेबलाभोवती जमलं तेव्हा डॉक्टर म्हणाला, की त्यानं त्याच्या सरांना बोलावलंय, अशा केसमध्ये त्यांच्यासारखा हात नाही. तिला हायसं वाटलं.

काचेचं दार ढकलून गल्लीच्या टोकाचे म्हातारे डॉक्टर आत आले.

त्यांनी अर्ध्या भादरलेल्या बाईसाहेबांकडे बघितलं. मग तिच्याकडे. तिला वाटलं, आपणही कपाटाखाली जाऊन बसावं.

"चूक माझी," ते विद्यार्थ्याला म्हणाले. "सकाळी ही माझ्याकडे होती. मीच झोपेचं टोचलंय. सूनबाई बाळाला सांभाळत होत्या, ह्यांना कळलं नसेल. सांगायचं माझ्याकडून राहिलं."

तिनं तोंड उघडलं. सासूबाई बघत होत्या, नवरा बघत होता. तिनं ते मिटलं. तरुण डॉक्टर आपल्या सरांकडे अशा नजरेनं बघत होता, की ती नजर तिला टेबलाच्या पलीकडून टोचली. सर लेकीच्या गालाला हात लावून निघून गेले.

दार बंद होतंय तोच बाईसाहेबांनी मान ताठ केली, खाकरल्या आणि केसांचा ओला गोळा तरुण डॉक्टरच्या हातमोज्यावर टाकला.

"बघा, हाताला गुण असतो एकेकाच्या," परतीच्या रिक्षात सासूबाई म्हणाल्या. "आपल्या डॉक्टरांचं आता वय झालं बिचाऱ्यांचं. काय टोचलं ते सांगायचंही भान नाही."

"आता ह्या नव्या दवाखान्यातच यायचं," नवरा म्हणाला.

"अरे, पण सकाळी ते गोळ्याचंच म्हणाले होते," ती कशीबशी म्हणाली. "आणि त्यांनी मला—"

"तू नको त्यांची बाजू घेऊस. भिडस्त आहेस तू. तुझ्यासारखं लक्ष त्यांनी ठेवलं असतं, तर ही वेळ आली नसती."

टोपलीत बाईसाहेब बोडकं पोट चाटत होत्या. म्हाताऱ्या डॉक्टरांबद्दल सकाळी घरात जे मत तिचं एकटीचं होतं, ते आता सगळ्यांचं झालं होतं. तिचं तेवढं राहिलं नव्हतं.