रिकामा बाऊल द्यायचा नसतो

देवयानीला तो बाऊल शनिवारच्या आत घराबाहेर हवा होता. म्हणजे हवाच होता! शनिवारी तनूचा वाढदिवस, तिच्या वर्गातली अख्खी वरात लंडनच्या कडेच्या स्टॅनमोरमधल्या त्या एवढ्याशा घरात धुडगूस घालणार, आणि ओट्यावर काय? तर शेजारच्या बार्करबाईंच्या आईला लग्नात मिळालेला, कोरीव काचेचा भलामोठा बाऊल. तो फुटला असता तर देवयानीला गल्लीच सोडावी लागली असती.

खरं तर तो तिने हळदीकुंकवाच्या फ्रूट सॅलडपुरता मागून आणला होता. दुसऱ्याच दिवशी घासूनपुसून द्यायला निघाली, आणि दारातच पाय अडखळला. रिकामं भांडं परत द्यायचं? आईला नागपुरात बसल्या जागी ठसका लागला असता! मग भरला चिवड्याने.

"ओ, यू शुडंट हॅव!" बार्करबाई म्हणाल्या. झालं. दोन दिवसांनी बाऊल परत दारात. आत घरी भाजलेले स्कोन्स. देवयानीने शंकरपाळे पाठवले, तर रुबार्ब क्रम्बल नावाचं आंबटगोड काहीतरी आलं. बेसनाचे लाडू पाठवले, तर ब्रेड पुडिंग. दिवसभर भर लंडनमध्ये नोकरी आणि रात्री बेसन भाजणं, हात नुसते भरून आले तिचे.

"आता बास कर हं हे," यतीन म्हणाला, तोंडात पुडिंग. "माझ्या पँटचं बटण लागत नाहीये."

"मग खाऊ नकोस ना!"

"टाकायचं का मग? अन्न आहे ते!"

तेवढ्यात तनू वही नाचवत आली. "मम्मी, मिसनी मला 'बॉरो' दिलाय. त्याच्या सगळ्या मीनिंग लिहायचा, आणि तो वर्ड कुठून आली ते पण."

"बॉरो म्हणजे उसनं घेणं. लिही."

"ते माहितीये! लायब्ररीतून बुक बॉरो करतात. इंग्लिशनी हिंदीतून 'पजामा' बॉरो केला. आणि मॅथ्समध्ये शेजारच्या नंबरकडून टेन बॉरो करतात. पण मम्मी, तो टेन कोणी परत देतच नाही!"

"सुखी आहेत," देवयानी म्हणाली.

शेवटी गुरुवारी तिने पुण्याला सासूबाईंना फोन लावला. लीलावतीबाई हसल्याच. "अगं, चिमूटभर साखर घालायची आणि द्यायचं! रिकामंही नाही आणि भरलेलंही नाही. एवढं कसं सुचलं नाही तुला?"

शुक्रवारी सकाळी देवयानीने बाऊलमध्ये चमचाभर साखर टाकली, बार्करबाईंच्या हातात दिला, "सॉरी, टुडे दॅट्स ऑल!" म्हणाली आणि ट्रेन पकडायला पळाली. असं हलकं वाटलं ना तिला, की पुढच्या स्टेशनपर्यंत एकटीच हसत होती.

इकडे बार्करबाई बाऊलकडे बघतायत. लाडू, शंकरपाळे, चिवडा, आणि आज चमचाभर साखर? ते दोन हजार नऊ साल. रोज संध्याकाळी टीव्हीवर कुठल्या ना कुठल्या कंपनीतून माणसं काढल्याच्या बातम्या. बाईंनी खिडकीतून शेजारी पाहिलं. भरदिवसा यतीन घरात! तोही पायजम्यात, दाढी वाढलेली. त्याने पार्टीच्या तयारीला सुट्टी टाकली होती, हे त्यांना काय माहीत?

बेल वाजवली. सकाळपासून फुगे फुगवून यतीनचा दम संपलेला, डोळ्यांतून पाणी वाहतंय, तोंडातून शब्द फुटेना.

"ऑल राइट, लव्ह?"

यतीनने नुसती मान हलवली. बाईंनी त्याचा दंड दाबला आणि ताडताड निघून गेल्या.

संध्याकाळी देवयानी घरी आली आणि ओट्यासमोर उभीच राहिली. ॲपल पायची डिश, कॅसरोल, केकचा डबा, झाकणाची भांडी, निळ्या फुलांचं पातेलं! मधोमध बार्करबाईंचा बाऊल, काठोकाठ ट्रायफल पुडिंगने भरलेला.

"हे काय आहे, यतीन?"

"मला विचारू नकोस! अख्खी स्ट्रीट येऊन गेली. दंड दाबतात, 'चिन अप', धीर सोडू नको म्हणतात आणि भांडं ठेवून जातात. समोरचे आजोबा तर सीव्ही आण म्हणाले, भाच्याला देतो म्हणे!"

देवयानी धावत बार्करबाईंना घेऊन आली. साखरेची गोष्ट सांगितली, सुट्टीची सांगितली, फुग्यांची सांगितली. बाई खुर्चीत बसून डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "थँक गॉड. मला बेकिंगचा भयंकर कंटाळा आहे गं. पण तुमच्यात रिकामं चालत नसेल, असं वाटलं मला."

जाता जाता त्यांनी तनूची वहीही पूर्ण करून दिली. फार जुन्या इंग्लिशमध्ये हा शब्द तारणावरून आला म्हणे. काहीतरी ठेवून जायचं, म्हणजे माणूस परत येणार याची खात्री.

देवयानीने ट्रायफल आपल्या पातेल्यात काढलं, बाऊल धुतला, पुसला.

"एम्प्टी, प्लीज," बार्करबाईंनी दटावलं.

देवयानीने डोळे मिटून तो रिकामा बाऊल त्यांच्या हातात दिला. दार लावलं. सुटलो बाई! शनिवारच्या आत बाऊल घराबाहेर!

"मम्मी," ओट्याजवळून तनूचा आवाज आला, "मग हे सगळे लोक पण तारण ठेवून गेली का?"

देवयानीने वळून पाहिलं. अख्ख्या स्ट्रीटची काच, चिनी माती आणि उद्या येणारी ती वरात.

"यतीन," मग ती बाह्या सरसावत म्हणाली, "बेसन किती उरलंय बघ रे."