कच्च्या मुलांचे लांडगेसर

एका जंगलात, मुलांनो, एक शाळा होती. तिला फाटक होतं, घंटा होती आणि मोरेसर नावाचे मुख्याध्यापक होते. सर जातीचे मोर. कुणी पाहत असलं की काम करायचे, म्हणजे पिसारा फुलवायचे.

या शाळेने घोरपडेबाईंना समुपदेशक म्हणून नेमलं. बाई अर्थातच घोरपड. मुलांच्या मनातलं ओळखायचं त्यांनी रीतसर शिक्षण घेतलं होतं. शिवाय एकदा एखाद्या गोष्टीला चिकटल्या की सुटत नसत. हा दुसरा गुण मुलाखतीत मोरेसरांच्या लक्षात आला नाही.

"एका मुलीला सरळ करायचंय," सर म्हणाले. "शलाका. साळिंदराची पोर. गणिताच्या तासाला अंगावरचे काटे उभे करते. पुढच्या आठवड्यात हत्तीसाहेब तपासणीला येताहेत. तोवर काटे बसले नाहीत, तर उपटावे लागतील. तुम्ही फक्त सांगा, की दोष मुलीत आहे."

काटे उपटलेलं साळिंदर जंगलात फार जगत नाही, हे बाईंना ठाऊक होतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "आधी पोरीला भेटते."

शलाका आली ती मान खाली घालून. बाईंनी तिला बाहेर नेलं. दोघी झाडाखाली कंद उकरत बसल्या. उकरता उकरता शलाका आपणहून बोलली.

"बाई, लांडगेसर हजेरी घेतात ना, ते नावं वाचत नाहीत."

"मग?"

"चव घेतात."

दुसऱ्या दिवशी बाई गणिताच्या तासाला जाऊन मागे बसल्या. लांडगेसरांचं जंगलात मोठं नाव होतं. त्यांच्या वर्गाचा निकाल कायम शंभर टक्के. कारण कच्च्या मुलांकडे ते जातीने लक्ष देत. कच्ची मुलं त्यांना फार आवडत. तास संपला की एकेकाला थांबवून घेत. त्यातलं एखादं घरी परतलं नाही, तर शाळा पालकांना कळवी, "आपल्या पाल्याने शाळा बदलली."

"सातचा पाढा म्हण," सर सशाच्या पिल्लाला, ससुल्याला म्हणाले.

पिल्लू अडखळलं. सरांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"कच्चं आहे," ते मायेने म्हणाले. "तास संपला की थांब हं, बाळा."

खर्रकन शलाकाचे काटे उभे राहिले. आणि ससुल्या हळूच सरकत तिच्या पाठीमागे जाऊन लपला.

त्या दिवशी तास संपताच बाईंनी ससुल्याला स्वतः घरी पोहोचवलं. मग त्या मोरेसरांकडे गेल्या.

"पोर धडधाकट आहे," त्या म्हणाल्या. "आख्ख्या शाळेत तेवढी एकच जागी आहे. सर बदला."

"सर? अहो, शंभर टक्के निकाल! त्यापेक्षा मुलगी बदला. मुली पुष्कळ मिळतात."

बाईंनी जीभ एकदा बाहेर काढून आत घेतली. राग गिळायची त्यांची तीच पद्धत होती.

"बरं, मग उपचार करते. पण त्यात पालकांची साथ लागेल. रोज एक आई वर्गात बसेल."

"आईच ना? बसू दे की! पालकांचा सहभाग म्हटलं की हत्तीसाहेब खूश होतात."

पहिल्या दिवशी गवेकाकू आल्या. दारातून मावेनात, म्हणून दारच काढावं लागलं. त्या शिंगं लांडगेसरांकडे करून निवांत रवंथ करत बसल्या.

'कच्चं' हा शब्द काही केल्या सरांच्या तोंडातून निघेना. ससुल्याने चुकत चुकत पाढा म्हटला, 'सात सक पंचेचाळीस' म्हणाला आणि स्वतःच हसला. त्याच्या मागोमाग वर्ग हसला. हसता हसता शलाकाचे काटे कधी बसले, तिचं तिलाही कळलं नाही.

आठवडाभरात सर वाळून काडी झाले. प्रकृतीचं कारण सांगून रजेवर गेले. हत्तीसाहेब आले, बसलेले काटे पाहून प्रसन्न झाले आणि त्यांनी मोरेसरांची पाठ थोपटली.

पण मग वार्षिक परीक्षा आली. कच्ची मुलं जिवंत असल्यामुळे परीक्षेला बसली. निकाल साठ टक्क्यांवर घसरला. मोरेसरांनी पिसारा मिटला आणि घोरपडेबाईंना कामावरून काढून टाकलं. लांडगेसरांना मात्र शेजारच्या जंगलाने जुने निकाल पाहून मानाने मुख्याध्यापक नेमलं.

फाटकाशी शलाका रडवेली होऊन उभी होती.

"बाई, आता कुठे जाणार?"

"शेजारच्या जंगलात," बाई म्हणाल्या. "तिथल्या एका पोरीचे काटे उभे राहायला लागलेत म्हणे."

*तात्पर्य:* मूल बिघडलं, तर तज्ज्ञांना जरूर बोलवावं. फक्त त्यांना वर्गात बसू देऊ नये. नाहीतर मूल बरं होतं आणि शाळा आजारी पडते.