आकाशकंदिलाचे कायमस्वरूपी जतन

श्री. महेश निकम यांची कन्या हर्षाली, इयत्ता पाचवी, हिने दिवाळीच्या महिनाभर आधी आकाशकंदील स्वतःच्या हाताने करण्याचा मनोदय व्यक्त केला. प्रथमदर्शनी त्यात काही अडचण दिसत नव्हती. आईने, म्हणजे उज्वलाने, मेनरोडवरून गुलाबी पतंगी कागद आणि बांबूच्या कामट्या आणून दिल्या. कंदील कसा करायचा याचा एक व्हिडिओ हर्षालीने आईच्या फोनवर एकदा पाहिला होता. तेवढ्या भांडवलावर तिने कळवणला फोन लावला.

"आजी, या दिवाळीला कंदील विकत घेऊ नको. मी केलेला आणते."

कळवणच्या नवसाबाईंनी त्याच संध्याकाळी दारावर नवा खिळा ठोकून घेतला आणि गल्लीतल्या बायकांना बोलावून तो दाखवला. रिकामा खिळा सगळ्यांना दिसू लागला, म्हणजे प्रकरण मागे घेण्यासारखे राहिले नाही.

अडचण एवढीच, की महेशराव एका निमसरकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नोकरीला होते. अभिलेख कक्ष म्हणजे जुने कागद ठेवण्याची खोली. तेथे कागद सापडणे महत्त्वाचे नसते, कागद असणे महत्त्वाचे असते. अशा खोलीत उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाच्या घरात कोणी एखादी गोष्ट नुसती बघून करायला बसले, तर ते त्याला कसे चालावे?

"व्हिडिओ कुठे आहे?" त्यांनी विचारले.

"नेटवर. आईच्या फोनवर दिसतो."

"म्हणजे आपल्या ताब्यात नाही."

"पण दिसतो ना, बाबा."

"आज दिसतो. उद्या काढून टाकला तर अर्धा कंदील घेऊन कुठे जाशील? आधी जतन, मग अवलोकन."

हॉलच्या कोपऱ्यात कापडी आच्छादनाखाली घरचा संगणक होता. महेशरावांनी आच्छादन काढले, घडी घातली आणि व्हिडिओ उतरवून घ्यायला लावला. तो साध्या दर्जात मिनिटभरात उतरला असता. पण कायमचा ठेवायचा म्हटल्यावर सर्वोच्च दर्जाच हवा, आणि सर्वोच्च दर्जाला वेळ लागतो. नेटवर ताण नको म्हणून घरातील सर्व फोन बंद ठेवण्याचे तोंडी आदेश निघाले.

"अहो, तोवर तिला फोनवर बघू द्या की," उज्वला म्हणाली.

"एकच फाइल दोन टेबलांवर फिरली की घोळ होतो."

"कुठलं टेबल? पोरगी जमिनीवर बसलीय."

महेशरावांनी या अभिप्रायाची नोंद घेतली नाही.

व्हिडिओ उतरला. पण त्यातली बाई शेवटी म्हणाली होती, की खळ कशी करायची ते मागच्या भागात सांगितले आहे. मागच्या भागाशिवाय प्रकरण अपूर्ण, म्हणून तोही घेतला. त्याच्या शेजारी साबण घरी कसा करावा हे होते. साबण, कुंडीतला वड, सुतळीचे झोपाळे, ओव्हनशिवाय केक, माउथ ऑर्गन, टाकाऊ बाटलीतून मोर: हे सर्व छंद या एकाच शीर्षाखाली येते, आणि एका शीर्षाखालचे अर्धे ठेवून अर्धे सोडणे कोणत्याही कार्यालयात बसत नाही. संगणकाचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला आणि मग जागा संपल्याचे पडद्यावर आले.

महेशरावांनी किरकोळ रजा टाकून द्वारका चौकातल्या एका दुकानातून बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आणली. रजेचा बराचसा भाग त्या चौकातल्या वाहनांच्या कोंडीतच खर्ची पडला. दुकानदाराने डबी हातात देताना बजावले, "साहेब, धूळ लागू देऊ नका, हवा खेळती ठेवा आणि सारखी बंद-चालू करू नका. जाते लवकर."

दुकानदार असे सगळ्यांनाच सांगतो. महेशरावांनी मात्र ते परिपत्रक समजून अमलात आणले. हवा खेळती राहावी म्हणून त्यांनी कामट्या बांधून डिस्कभोवती चौकट उभी केली. धूळ बसू नये म्हणून चौकटीवर पतंगी कागद चिकटवला. त्यासाठी खळही त्यांनीच शिजवली, आणि ती चांगली जमली.

हर्षाली शाळेतून आली. "बाबा, माझ्या कामट्या?"

"तुझ्याच कामासाठी लागल्या, बाळा. व्हिडिओ सुरक्षित आहे."

"मग कंदील कशाचा करू?"

"प्रत्यक्ष कामाचा टप्पा अजून आलेला नाही."

यानंतर महेशरावांच्या आयुष्यातील सर्वात आनंदाचा दिवस उगवला. उज्वलाने लपूनछपून फोन उघडला, तर तो कंदिलाचा व्हिडिओ गायब. ज्या बाईने टाकला होता तिनेच काढून टाकला होता.

"मी काय म्हणत होतो?" महेशराव खुर्चीवरून उठून म्हणाले. "आता जगात एवढी एकच प्रत."

"बरं झालं. मग लावा तीच."

"लावा? उज्वला, कालपर्यंत ती साधी प्रत होती. आज ती दुर्मीळ झाली. अ वर्ग, कायम जतन. दुर्मीळ अभिलेख असा कोणाच्याही हाती देता येत नाही. उघडताना बिघडली तर?"

"नेटवर दुसरे पन्नास आहेत कंदिलाचे."

"ते आपल्या अभिलेखात नाहीत."

"अहो, हा काय ताम्रपट आहे? कामट्या आणते नव्या, मी दाखवते तिला. माहेरी केलेत मी."

"तुझ्या पद्धतीला आधार काय?"

उज्वलाने त्या दिवशी भाजीत मीठ घातले नाही. महेशरावांनी कारण विचारल्यावर तिने मीठ घालण्याला लेखी आधार मागितला.

हर्षालीला मात्र रीतसर मार्ग मोकळा होता. तिने अवलोकनासाठी अर्ज करावा. पाचवीतली मुलगी असल्याने अर्जावर पालकाची सही लागेल. पालक महेशराव, आणि अभिलेखाचे प्रमुखही महेशराव. स्वतःच्या मुलीच्या अर्जावर स्वतःच निर्णय देणे त्यांच्या तत्त्वात बसेना. अर्ज पुढे पाठवावा तर घरात वर कोणी नव्हते. एवढा सचोटीचा माणूस मिळाल्यामुळे अर्ज फ्रिजवर लोहचुंबकाखाली प्रलंबित राहिला.

मध्यंतरी महेशरावांना रात्री एकाएकी जाणवले, की इमारतीला आग लागली तर एकमेव प्रतही जाईल. दुसरी प्रत दुसऱ्या गावी हवी. रविवारी ते आणखी एक डिस्क घेऊन घोटीला मेहुण्याकडे गेले. गोरक्षचा तिथे तांदळाचा व्यापार आहे.

"दाजी, हिच्यात हाय काय?" गोरक्षने पोत्यावर बसून विचारले.

"साबण, केक, माउथ ऑर्गन, कंदील. बरंच आहे."

"तुम्ही साबण करता?"

"नाही."

"बाजा वाजवता?"

"नाही."

"मग लय जपून ठेवा बरं का. चोरी व्हायला नको," गोरक्ष म्हणाला आणि डिस्क उंदरांच्या सापळ्यापासून दूर, कोळपी आणि इंद्रायणी तांदळाच्या पोत्यांमधे ठेवली. महेशरावांना मेहुण्यातला गंभीरपणा प्रथमच दिसला.

वसुबारस आली. कळवणहून रोज फोन येत होता. "पोरी, झाला का गं? ती समोरची मला सारखी इचारती." हर्षाली आधी "होतोय" म्हणायची, मग फोन आईकडे द्यायची, आणि शेवटी शेवटी बाथरूममध्ये जायची.

दिवाळीला गाव गाठायचेच होते. घर बंद राहणार आणि अ वर्गाचा अभिलेख बंद घरात ठेवता येत नाही, म्हणून महेशरावांनी डिस्क चौकटीसकट बरोबर घेतली. बंद-चालू करायची नव्हती, म्हणून चौकटीच्या तळाला एक पॉवर बँक सुतळीने बांधली आणि डिस्कचा निळा दिवा लुकलुकत ठेवला. एस.टी.त ते तो गुलाबी पेटारा मांडीवर घेऊन बसले होते आणि धक्का बसला की त्याच्याकडे काळजीने पाहत होते. मुलगी त्यांच्या शेजारी खिडकीला डोके टेकून बसली होती. तिच्याकडे पाहण्याजोगा धक्का बसला नाही.

कळवणला पोचेपर्यंत अंधारून आले होते. नवसाबाई दारातच उभ्या होत्या, आणि समोरच्या ओट्यावर त्या खिळ्याची वाट पाहणाऱ्या बायका. हर्षाली आईच्या पदरामागे गेली. तेवढ्यात नवसाबाईंची नजर महेशरावांच्या हातांकडे गेली. कामट्यांची चौकट, गुलाबी कागद, आत निळा दिवा लुकलुकतोय.

"आगं बया," त्या म्हणाल्या, "पोरीनं केला की खरंच." आणि मुलाच्या हातातून घेऊन त्यांनी तो खिळ्याला टांगला.

"आई, तो अभिलेख आहे," महेशराव म्हणाले.

"असू दे. झाक हाय."

"त्याला दंव लागेल."

"कंदिलाला दंव लागायचंच. पर हा गुरगुरतो का रं?"

समोरच्या बायका जवळ आल्या, कौतुक करू लागल्या. कोणी फोन काढून व्हिडिओ घेतला. उज्वला तोंडाला पदर लावून घरात गेली. कंदील कसा करायचा हे महेशरावांना व्हिडिओ न उघडताच जमले होते, पण ही गोष्ट त्यांच्या लक्षात आणून देण्याचा अधिकार तिथे कोणालाच नव्हता. ते अभिलेखावर छत्री धरून खिळ्याखाली उभे राहिले.

हर्षाली ओट्यावर बसून त्या निळ्या दिव्याकडे पाहत होती. नवसाबाईंना ते खटकले असावे. त्यांना कोण काय करते हे तोंडावरून कळते. त्या आतून चार कामट्या आणि सुतळी घेऊन आल्या आणि नातीजवळ टेकल्या.

"हा तुझ्या बापानं केला, व्हय ना? असू दे. हे बघ, ये. ही अशी आडवी धरायची. तू धर."

हर्षालीने आईचा फोन मागून घेतला. "थांब आजी. आता परत कर."

"आगं हातात घे की कामटी."

"नको. तू कर, मी सेव्ह करते. मग सावकाश बघेन."

नवसाबाईंनी गाठ मारून दाखवली. हर्षालीने ती नीट उजेडात, सर्वोच्च दर्जात टिपली, नाव देऊन ठेवली, आणि फोन बंद करून फराळाला गेली. कामट्या ओट्यावर राहिल्या. छत्रीखालून महेशरावांनी हे पाहिले आणि त्यांचा ऊर भरून आला.

आजकालची मुले काही शिकत नाहीत, अशी तक्रार आपण नेहमी करतो. ती खोटी आहे. मुले फार लवकर शिकतात, तेही व्हिडिओशिवाय, नुसते आपल्याकडे बघून. तुमच्या घरातले मूल काय शिकले आहे, हे पाहायचे असेल तर आज संध्याकाळी त्याच्याजवळ चार कामट्या घेऊन बसा. आज जमणार नसेल, तर हे पान जपून ठेवा.