महिपतीचा कावळा

"बाई, कावळ्याला बोलवणं सोपं असतंय. त्याला पिंडापास्नं लांब ठिवणं आवघड," असं म्हणून महिपती वेड्या बाभळीच्या जाळीत शिरला.

सुधाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. नरसिंहपूरच्या संगमावर सावळाराम आबांच्या दहाव्याला अर्धं कोऱ्हाळं गाव लोटलं होतं. सगळे घाटाच्या पायऱ्यांवर, आबांचं मोठेपण किंवा उसाचं वजन यावर बोलण्यात गुंतलेले. जाळीकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

सुधाबाई म्हणजे बारामतीच्या नीराकाठ रंगमंडळाच्या संस्थापक, दिग्दर्शक आणि वेळप्रसंगी टेम्पोला धक्का मारणाऱ्या. मूठभर नट, चार नाटकं. शाळेत स्वच्छतेचं, कारखान्यावर व्यसनमुक्तीचं, आणि शनिवारी कोऱ्हाळ्यात, आबांच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या शेडमध्ये, मनात येईल ते. दोन तालुक्यांत त्यांनी समाजाची एवढी सेवा केली होती की समाज त्यांना लांबून बघून रस्ता बदलायचा. शेड मात्र खरं होतं. तालीम तिथं, प्रयोग तिथं, कपड्यांच्या ट्रंका तिथं. जुन्या गुळावरचे मुंगळे नायिकेला ऐन प्रेमप्रसंगात डसत, पण डोक्यावर छप्पर होतं. आबांनी ते तोंडी दिलेलं. आबा गेले आणि त्यांच्याबरोबर शब्दही गेला.

आता मालक होता आबांचा मुलगा दिग्विजय. मुंडण करून, उघड्या अंगानं बसला तरी नाकावर गॉगलचा वण दिसत होता. बाईंच्या प्रत्येक नाटकातला खलनायक असाच असे. त्यामुळे 'शेड आमच्याकडंच राहू दे' असं त्याला सरळ विचारून बघावं, हे बाईंच्या मनातच आलं नाही. मनात आला तो कावळा.

रंगमंडळाचं सगळ्यात गाजलेलं नाटक अंधश्रद्धेवरचं. पिंडाला कावळा शिवेना म्हणून घरचे कसे नाचतात, ते त्यात होतं. आणि पडद्यामागून कावळा काढायचा तो महिपती. कुत्रं, ट्रॅक्टर, तान्हं बाळ, सगळं त्याच्या गळ्यात होतं. माणसाचं वाक्य तेवढं बाईंनी त्याला आजवर दिलं नव्हतं.

बेत साधा होता. महिपतीनं जाळीतून कावळ्यांची धोक्याची हाक द्यायची. कावळे जमतील, घिरट्या घालतील, पण खाली उतरणार नाहीत. घरचे हबकले की बाईंनी पुढं होऊन म्हणायचं, "आबांचा जीव नाटकात अडकलाय." दिग्विजयनं शेडचा शब्द दिला की बाईंनी पदर डोळ्यांना लावायचा. पदर दिसला की महिपतीनं गप्प व्हायचं. जन्मभर ज्या समजुतीवर कोरडे ओढले, तिच्याच दारात बाई आता हात पसरून उभ्या होत्या. कलेसाठी म्हणून.

पिंड मांडले. दिग्विजय हात जोडून मागं सरला. जाळीतून असा काही आक्रोश उठला की दोन्ही नद्यांच्या काठचे कावळे उठले. घाटावर सावली धरली.

"आरं, एवढं कावळं, आन एकबी खाली ईना!" कुणीतरी म्हणालं.

"काहीतरी राहिलंय," गुरुजी म्हणाले. "ज्याला जे ठाऊक असेल त्यानं बोला."

"म्हशी इकणार न्हाय म्हण!" आबांची बायको प्रयागबाई रडत म्हणाली.

"न्हाय इकत," दिग्विजय म्हणाला.

कावळे फिरतच राहिले. बाई पुढं सरकल्या, पण त्यांच्याआधी दिग्विजयची बहीण विजयमाला सरकली. "दादा, आबांचा जीव माझ्यात गुतलाय. कालव्याखालचं रान माझ्या नावावर करायचं म्हणत हुते."

"कवा म्हणले?"

"तू घरी न्हवतास."

वर कावळे, खाली गाव. दिग्विजयनं दोन्हीकडं पाहिलं. "दिलं."

"आन बांधाचं?" चुलतभाऊ जयवंतानं संधी साधली. "दोन सऱ्या सरकवलाईसा."

"त्यो आबांनीच सरकवला हुता!"

"म्हणून तर जीव आडकलाय."

"घे. मागं घेतो बांध."

तरी कावळा नाही. मग बिरदेव खाकरला. सोसायटीच्या निवडणुकीत तो दिग्विजयच्या विरोधात उभा होता. "दिग्विजयनं माघार घ्यावी, असं आबा मला सोत्ता म्हणले हुते."

"आबा तुज्याशी बोलतबी न्हवते!"

"त्येचंच वाईट वाटत आसंल त्येंना."

महिपतीला इतका मोठा प्रेक्षकवर्ग कधी मिळाला नव्हता. काटे रुतत होते, पण आकाशात हाऊसफुल्ल होतं. तो आणखी रंगात आला. हाकेला त्यानं पिल्लाच्या किंकाळीची जोड दिली. दिग्विजयनं माघारही कबूल केली. देण्यासारखं आता त्याच्या अंगावर धोतर तेवढं उरलं होतं.

बाईंनी शेवटी कोपर मारून वाट काढली. "दिग्विजय, मी बोलते. आबांना नाटकाचा..."

"नाटक!" दिग्विजय ओरडला. "बास बाई, आलं ध्येनात! मी उलटंच धरून बसलोय!" आणि पिंडासमोर हात जोडून तो मोठ्यांदा म्हणाला, "आबा, त्ये शेड पाडतो! नाटक बंद! तितं तुमच्या नावानं मंगल कार्यालय बांदतो!"

बाईंना एका क्षणात ट्रंका दिसल्या, फळ्यांचा रंगमंच दिसला, त्यावर फिरणारा जेसीबी दिसला. खरंखुरं रडू फुटलं, आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

जाळी चिडीचूप झाली.

एक लंगडा कावळा उतरला, त्यानं मान तिरकी करून गावाकडं पाहिलं आणि मधल्या पिंडातलं शीत उचललं.

"शिवला! शिवला!" घाट दुमदुमला.

प्रयागबाईनं बाईंचा हात धरला. "बाई, तुमी नाटकात दावत हुता, कावळ्यात कायबी नसतंय म्हून. आता पटलं का?"

सगळा गाव बघत होता. खरं सांगितलं असतं, तर गुरुजींना तिथंच आणखी एका पिंडाची सोय करावी लागली असती.

"पटलं," बाई म्हणाल्या.

महिपती हात ओरबाडून घेऊन बाहेर आला. "बाई, पदर बघितला आन पुडचा सूर तितंच गिळला बगा! मिळालं न्हवं शेड?"

"जेवायला चल," बाई म्हणाल्या.

पंगतीत दिग्विजय स्वतः बुंदी वाढत आला. बाईंच्या पानापाशी उकिडवा बसला. त्याचे डोळे लाल होते.

"राग मानू नका, बाई. खरं सांगू? शेड तुमास्नीच द्यायचं ठरवून मी घरनं निघालो हुतो. वकिलाला कागदबी करायला सांगितला हुता. आबांचा लई जीव हुता तुमच्यावर. पिंड मांडल्यावर पैलं मनात त्येच बोललो. म्हणलं, आता झडप घालतोय कावळा. तर न्हाय! बोललो आन लगीच कावळ्यांनी आसा कालवा केला, का माजं काळीजच हाललं. तुमी नाटकाचं नाव काडलं तवा वळाखलं, आबास्नी हे पसंत न्हाय." त्यानं पळीभर बुंदी आणखी वाढली. "आता त्येंच्यापुढं आपलं काय चालतंय?"

तो पुढच्या पानाकडं गेला. महिपतीचा घास हातातच राहिला होता.

"बाई," मग तो हळूच म्हणाला, "माजा कावळा जरा लईच चांगला झाला का वो?"