गिलासाचं बूड

आमच्या कुडवा गावातल्या गल्लीत कुणाला शिंक आली की माणूस आधी नाक दाबायचा आणि मग मेश्रामकाकांच्या घराकडे बघायचा. शिंक आत जिरली तर सुटलात. बाहेर पडली, तर थोड्याच वेळात फाटकाची कडी वाजायची आणि काका उभे! एका हातात जर्मनचा काळाकुट्ट गंज, म्हणजे पातेलं, दुसऱ्या हातात स्टीलचा गिलास, गंजातून काढ्याची वाफ आणि वाफेमागे ते डोळे. यम निदान रेड्यावरून येतो, चाहूल तरी लागते. काका अनवाणी यायचे.

काका एसटीतले निवृत्त कंडक्टर. सारी नोकरी तिरोड्याच्या गाडीत गेली. भर गर्दीत पाठ फिरवून उभे असले, तरी मागे कोण खोकलं ते त्यांना कळायचं, आणि रिटायर होताना तो कान ते घरी घेऊन आले. आमचे हे एका सोमवारी सकाळी अंथरुणात खोकू लागले, तर भिंतीपलीकडून आवाज आला, "सूनबाई, हा खोकला छातीतला नोहोय, हापिसातला होय. पाठव त्याले!"

खऱ्या खोकल्याला मात्र माफी नव्हती. कडुनिंबावर चढलेली गुळवेल, अडुळसा, सुंठ, मिरे आणि काडेचिराईत. चार गिलास पाण्याचा एक होईस्तोवर उकळायचं. त्या वासानं गल्लीतली मांजरंसुद्धा पलीकडच्या गल्लीत जात.

"काका, जरासा गूळ तरी..." मी एकदा धीर करून म्हटलं.

"गूळ घातला का काढ्याले लाज वाटते," काका म्हणाले. "मंग तो काम करत नाही. पी."

पिणं परवडलं, पण पिऊन झाल्यावर ते हलत नसत. "बूड दाव," म्हणायचे. गिलास उलटा करून दाखवायचा. थेंब पडला तर अर्धा गिलास पुन्हा. ह्यांनी एकदा शेवटचा घोट गालात धरून ठेवला. काकांनी शांतपणे ओट्यावर बैठक मारली आणि विचारलं, "काऊन रे, यंदा धान कसा हाय सौंदडले?" सौंदड म्हणजे ह्यांचं गाव. दोन प्रश्नांना मान डोलावून झाली, पण तिसऱ्या प्रश्नाला गिळावंच लागलं.

मग एका पावसाळ्यात चिकनगुनिया आला आणि आमचं हसू आटलं. घरोघरी ताप. धडधाकट माणसं भिंत धरून, वाकून चालायला लागली. ह्यांना शर्टाचं बटण लावता येईना. रोज कुणीतरी नवीन झोपायचं आणि उरलेले आपापले सांधे चाचपून बघायचे. मी तर सकाळी डोळे उघडण्याआधी बोटं हलवून बघायची. काका मात्र गंज घेऊन दारोदार फिरत होते, आणि आता कुणी लपत नव्हतं. लोक स्वतःहून बूड दाखवत होते.

आणि एका सकाळी वास आला नाही.

आधी मला कळेचना काय चुकतंय ते. मग लक्षात आलं आणि मी अंगणात धावले. हेही भिंत धरून अंगणात आले. "वास नाही," एवढंच म्हणाले. आम्ही भिंतीशी कान लावला. पलीकडे काही नाही. भांडं नाही, खाकरणं नाही.

काकांचं दार नुसतं लोटलेलं होतं. तरी ते ढकलायचं सोडून मी खिडकीकडे वळले. आत एकटा माणूस, पलीकडे काय दिसेल? खिडकीतून पाहिलं तर चूल थंड, गंज पालथा.

"काका!" मी हाक मारली. "काका!!" मी दारावर धडकलेच.

"वरडून कायले राहिली? मेलो नाही अजून."

काका खाटेवर पडले होते. अंग भट्टीसारखं, बोटं वाकून ताठलेली. जीव भांड्यात पडला तशी मी रडायच्या ऐवजी भांडायलाच लागले. "मग काढा का नाही घेतला? सगळ्या गल्लीला पाजता!"

काका अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मले भेव लागते."

"कशाचं?"

"कडूचं."

मला हसू यायला हवं होतं.

"सुलोचना पाजे," ते म्हणाले. सुलोचना म्हणजे त्यांची बायको. आम्ही गल्लीत यायच्या आधीच ती गेलेली. "समोर उभी राहे. बूड पाह्यल्याबिगर हाले नाही. ती गेली, तवापासून मले कोणी पाजलाच नाही."

ह्यांनी डॉक्टरांना बोलावून घेतलं, गोळ्या सुरू झाल्या. काढ्यासाठी मी गंज चढवला. खाटेवरून नाक हुकूम सोडत होतं, "सुंठ जास्त झाली. जाळ कमी कर." गिलास ओठांशी नेला तर म्हातारा तोंड फिरवून म्हणाला, "सूनबाई, जरासा गूळ?"

"काढ्याला लाज वाटते, काका."

मी हटले नाही. डोळे मिटून, सारं अंग आक्रसून ते प्यायले. बोटं वळत नव्हती, म्हणून दोन्ही तळव्यांत गिलास धरून त्यांनीच तो उलटा केला. थेंब पडला नाही. माझ्याकडे बघत राहिले, पोरानं पाटी दाखवावी तसे.

"उद्या येशीन?"

मी गेले. बोटं सरळ होईपर्यंत रोज गेले. मग ते गंज घेऊन पुन्हा गल्लीत हिंडू लागले आणि माझं जाणं थांबलं.

हिवाळ्यात एका संध्याकाळी भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला. कोरडा, मोजून दिलेला. थोड्या वेळानं पुन्हा तसाच, जरा मोठ्यानं.

इतकी वर्षं शेजारी राहून एवढं मलाही कळतं. तो छातीतला नव्हता.

मी आमचा गंज चढवला, चाराचा एक केला आणि हळूच गुळाचा खडा टाकला. लाज वाटली तर वाटू दे.